मामाचा दिवा हायकोर्टात सापडला

मामा मर्चंट नेव्हीत होता. १९७५ साली कॅडेट म्हणून जहाजावर चढला आणि रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याने मद्रासचा दिवा पहिल्यांदा पाहिला. पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन-चारदा पाहिला. शहरात मात्र पाऊल ठेवलं नाही, कारण जहाज धक्क्याला लागलं की कॅडेटच्या वाट्याला गंज खरवडणं आणि रंग मारणं. बऱ्याच वर्षांनी त्याला कुणीतरी सांगितलं, की तो दिवा वेगळ्या दीपगृहात नव्हताच, हायकोर्टाच्या घुमटावर होता. "म्हणजे मी दोन वर्षं न्यायाधीशांच्या डोक्यावरचा दिवा मोजत होतो," हे वाक्य आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात पंगतीला एकदा तरी ऐकू येतं.

यंदा डिसेंबरात मीच म्हटलं, मामा, चल, बघूनच येऊ. चेन्नईत दिव्याने चार घरं बदलली, चारही जागा अजून उभ्या आहेत. पुढे महाबलीपुरम आणि पुदुच्चेरी धरलं तर विझलेल्या दीपगृहांची एक माळच लागते. चार दिवस पुरतात. आम्हाला पुरले, पण मामाच्या चहाच्या थांब्यांमुळे धापा टाकत पुरले.

दिवस पहिला, सोमवार

गाडी वेळेवर, हॉटेल ठीक. दुपारी तीनला रिक्षा करून मरीनावरचं दीपगृह गाठलं आणि फाटकाला कुलूप. सोमवारी बंद असतं. ही गोष्ट घरून निघण्याआधी पाहायची राहिली ती माझी. मामा काही बोलला नाही, फक्त "चहा तरी उघडा असेल ना?" एवढंच विचारलं.

तेव्हा पहिली सूचना इथेच: मरीनाचं दीपगृह सोमवारी बंद, आणि आपल्याला उद्या जायचंय ते किल्ल्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद. शिवाय दुपारी जेवणाच्या सुट्टीत दीपगृहावर सोडत नाहीत, म्हणून सकाळीच जा. 'लाइट हाउस' नावाचं लोकल रेल्वेचं स्टेशन आहे, पण नावाला भुलू नका, तिथून चांगलंच चालावं लागतं.

मग वाळूवर बसलो. आभाळ भरलेलं, ईशान्य मोसमी पावसाची शेपटी अजून वळवळत होती. सुंडलवाला पोरगा आला. तेंगा, मांगा, पट्टाणी, म्हणजे ओलं खोबरं, कैरी आणि वाटाणा. कागदाच्या पुरचुंडीत गरम वाटाणे, वर कैरीचे बारीक तुकडे, कढीपत्त्याची फोडणी. आपल्याकडच्या उसळीची ही समुद्रावर राहायला गेलेली बहीण. दोन पुरचुंड्या संपवल्यावर मामाच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. तो जन्माने रत्नागिरीचा. "अगं, समुद्र समोर आहे आणि सूर्य पाठीमागे बुडतोय. हे बरोबर वाटत नाही."

अंधार पडता पडता वरचा दिवा लागला. जवळून पाहिलं तर निराशाच होते. पट्टा डोक्यावरून समुद्राकडे निघून जातो, आपल्यासाठी त्यात काहीच नसतं. मामा म्हणाला की दीपगृह पाहायला जमिनीवरून येणं म्हणजे नाटक विंगेतून पाहण्यासारखं आहे. मग तो समुद्राच्या बाजूने काय दिसतं ते सांगू लागला, आणि मला त्या बंद फाटकाचं फारसं वाईट वाटेनासं झालं.

आधी दिवा दिसतच नाही. क्षितिजाखालून आभाळात नुसती एक झाक फिरते, कुणीतरी पलीकडच्या गल्लीत बॅटरी फिरवतंय तशी. जहाज जवळ जातं आणि एका क्षणी खुद्द दिवा क्षितिजावर टुपकन उगवतो. त्या वेळी आम्ही काय करायचो माहीत आहे का, मामा म्हणाला, जहाजाच्या पुलावर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या उंच जागी, गुडघे वाकवून खाली बसायचो. दिवा गेला! उभं राहिलो की आला! असं झालं की दिवा बरोबर क्षितिजाच्या कडेवर आहे हे पक्कं. दिव्याची उंची छापील यादीत असते, आपल्या डोळ्यांची पाण्यापासूनची उंची माहीत असते, मग कोष्टकातून अंतर निघतं. "उठाबशा काढून अंतर मोजायचो. उपग्रह नव्हते तेव्हा गुडघे होते."

दिवस दुसरा, मंगळवार

सकाळी सहाला बाहेर पडलो तर गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर ओली रांगोळी. मार्गळी हा तमिळ महिना नुकताच लागला होता. एका आजींनी रांगोळीच्या मधोमध शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलं होतं. मामाने नमस्कार केला, त्यांनी आतून दोन वाट्यांत गरम पोंगल आणून दिला. भाषेचा एक शब्द जुळत नव्हता. पोंगलात तूप इतकं होतं की शब्दांची गरजही नव्हती.

फोर्ट सेंट जॉर्जमध्ये ओळखपत्र दाखवून, पिशव्या तपासून घेऊन आत जावं लागतं, कारण विधानसभा आणि सचिवालय तिथेच आहे. संग्रहालयाची इमारत अठराव्या शतकाच्या अखेरची, व्यापाऱ्यांच्या देवघेवीची. खाली मालाचे सौदे आणि १७९६ पासून गच्चीवर दिवा. हेच मद्रासचं पहिलं दीपगृह. जळायला काय, तर खोबरेल. मला हे फार आवडलं. ज्या किनाऱ्यावर नारळाखेरीज काही दिसत नाही, तिथे जहाजांना वाट दाखवायला नारळच कामी आला. आज त्या दिव्याची एकही खूण इमारतीवर नाही. आम्ही समोरच्या अंगणात उभं राहून गच्चीकडे मान वर करून पाहत होतो, तर पहारेकऱ्यालाही वाटलं वर काहीतरी आहे, तोही पाहू लागला.

मद्रासला दिवा का लागला, हे मात्र समजून घ्यायला हवं. इथे नैसर्गिक बंदरच नव्हतं. उघडा सरळ किनारा, लाटा फुटतात त्या थेट वाळूवर. मोठी जहाजं लांब पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, माल, घोडे, सगळं मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्याला यायचं. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला की खिळ्याची होडी फुटते, शिवलेली होडी लवते. बंदराचं काम १८७५ साली सुरू झालं आणि ते पुरं होत आलं असताना १८८१ च्या वादळाने भिंती उखडून नेल्या. तोवर म्हणजे जवळपास पंचाऐंशी वर्षं इथे दीपगृह होतं पण बंदर नव्हतं! मामाच्या मते हे दारावर पाटी लावून घर नंतर बांधण्यासारखं.

किल्ल्यातून हायकोर्ट जवळच, पण उन्हाने पावसाचा सूड घेतला होता, म्हणून रिक्षा. हायकोर्टाच्या आवारात सहज फिरायला जाता येत नाही. माझ्या मैत्रिणीची वकील बहीण इथे प्रॅक्टिस करते, तिने पासाची सोय केली होती. तुमची कुणी ओळख नसेल तरी निराश होऊ नका, जुना खांब आणि मोठा घुमट दोन्ही रस्त्यावरून नीट दिसतात. हायकोर्ट मेट्रो स्टेशनवर उतरा आणि कुंपणाच्या कडेने समुद्राच्या बाजूला चालत जा. आवारात फोटो काढायला जाऊ नका. आम्ही फोन पर्समधून काढलेच नाहीत.

आधी खांब. दुसरं दीपगृह म्हणजे एक एकटा, प्रचंड दगडी खांब. ग्रीक देवळाचा एकच खांब कुणीतरी उचलून आणावा आणि बाकीचं देऊळ विसरून जावं तसा. शैली डोरिक, म्हणजे माथ्यावर पानाफुलांची नक्षी नाही. गोल उशी आणि तिच्यावर चौकोनी पाट, एवढंच. एरवी हा पाट छताचं ओझं पेलायला असतो. इथे छत नाही, तर त्याचाच सज्जा झाला आणि सज्ज्यावर कंदील बसला. खांब आतून पोकळ, पोटात जिना. शोभेचा आकार आणि कामाचा आकार इतका चपखल एकमेकांत बसलेला मी क्वचितच पाहिला आहे.

हा खांब मद्रास इंजिनियर्सच्या कॅप्टन जे. टी. स्मिथ यांनी उभारला. दगड पल्लावरमच्या खाणीतला. काम १८३८ मध्ये सुरू झालं आणि १ जानेवारी १८४४ ला दिवा लागला. स्मिथसाहेबांबद्दल मला आधी वाचलेली एक गोष्ट आठवली: चुना आणि सिमेंटवरच्या एका फ्रेंच ग्रंथाचं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं होतं, १८३७ साली. म्हणजे आधी पुस्तक उतरवलं आणि लगेच पुढच्या वर्षी चुना कालवायला घेतला. मी खांबाला हात लावला. दगड दाणेदार, सावलीच्या बाजूला गार. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात नख घालून पाहिलं, नख शिरलं नाही. भाषांतर चांगलं झालं असणार.

दिव्याची रचनाही सांगते, कारण मामाने ती मला खांबाला पाठ टेकून, चपला काढून, सविस्तर सांगितली. नुसती वात जळली की काजळी धरते आणि उजेड पिवळट पडतो. १७८० च्या सुमारास अर्गां नावाच्या स्विस माणसाने वात नळीसारखी गोल केली, म्हणजे हवा बाहेरूनही लागते आणि मधूनही, वर काचेची चिमणी बसवली. ज्योत एकदम पांढरी आणि स्थिर. त्या ज्योतीमागे घासून चकचकीत केलेला खोलगट आरसा ठेवला, की चारी दिशांना वाया जाणारा उजेड एका दिशेला निघतो. स्मिथच्या खांबावर अशाच अर्गां दिव्यांची आणि आरशांची जुळणी होती. खरं तर तोवर फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची भिंगं आली होती, पहिलं १८२३ साली फ्रान्समध्ये कोर्दुआनच्या दीपगृहावर लागलं. जाडजूड अखंड भिंगाऐवजी काचेच्या कड्यांची उतरंड, प्रत्येक कडं थोडं वेगळ्या कोनात घासलेलं. वजन कमी, उजेड कैकपट. "आरसा उजेड परत फेकतो, त्यात थोडा खातो. भिंग त्याला हाताला धरून वळवतं," मामा म्हणाला. निवृत्त माणसाला श्रोता मिळाला की भाषा फुलते.

आम्ही असे बोलत असताना एका वकिलाचे कारकून, डोक्यावर फायलींचा गठ्ठा धरून उन्हापासून बचाव करत, आमच्यापाशी थांबले. मोडक्या इंग्रजीत म्हणाले की खेड्यातून आलेल्या पक्षकाराला इतक्या दालनांत शोधणं अवघड, म्हणून ते सगळ्यांना सांगून ठेवतात, खांबापाशी या. विझून सव्वाशे वर्षं उलटली तरी खांब लोकांना जागा दाखवतोच आहे, हे माझ्या तोंडून निघणारच होतं, तेवढ्यात त्यांनीच हसत म्हटलं, "लाइट नो, हाउस यस."

आणि आता मामाचा दिवा. हायकोर्टाची आजची इमारत १८९२ साली उभी राहिली. लाल विटा, रंगीत काचा, कांद्यासारखे घुमट, मिनार, सगळं एकत्र कालवलेलं, ज्याला इंडो-सारासेनिक म्हणतात. ब्रासिंग्टन यांनी आराखडा केला आणि हेन्री आयर्विन यांनी तो तडीस नेला. त्यातला सगळ्यात उंच मनोरा सुमारे १७५ फूट. शेजारी इतकं उंच काही उभं राहिल्यावर बुटक्या खांबावर दिवा ठेवण्यात अर्थ उरला नाही. १ जून १८९४ पासून दिवा घुमटावर गेला आणि १९७७ च्या जानेवारीपर्यंत तिथेच होता. खाली खटले, वर दिवा. जगात हायकोर्टाच्या डोक्यावर दीपगृह ठेवण्याची कल्पना आणखी कुणाला सुचली असेल असं वाटत नाही.

वर जायला परवानगी नाही. मामाला ते आधीच माहीत होतं. तो पूर्वेकडच्या हिरवळीच्या कडेला उभा राहिला, कपाळावर हात आडवा धरला आणि बराच वेळ वर पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. तर म्हणाला, "लांबून मोठा वाटायचा."

पूर्वेच्या भिंतीवर एक पाटी आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डन ही जर्मन युद्धनौका मद्राससमोर आली. पहिलं महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, बंदर नेहमीसारखं उजळलेलं. अर्ध्या तासाच्या आत सव्वाशेवर गोळे टाकून, तेलाच्या टाक्या पेटवून ती निघून गेली. एक गोळा हायकोर्टाच्या भिंतीला लागला, त्याची ही पाटी. हॉटेलवर परतताना रिक्षावाल्याला मामाने विचारलं, एम्डन माहीत आहे का? तो मोठ्याने हसला. त्याच्या घरी त्याच्या चार वर्षांच्या नातवालाच एम्डन म्हणतात. तमिळमध्ये हा शब्द अजून चालतो, पक्का बनेल, कुणाला न जुमानणारा, अशा अर्थाने. एका रात्रीच्या पाहुण्याने शब्दकोशात कायमची खोली घेतली.

संध्याकाळी बर्मा बाजारच्या बाजूला अत्तो खाल्ला. ब्रह्मदेशातून परत आलेल्या तमिळ कुटुंबांनी आणलेला पदार्थ: केशरी नूडल्स, कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, सगळं हाताने कालवून देतात. सोबत केळीच्या गाभ्याचं सूप फुकट. रस्त्यावर उभं राहून खाण्याची तयारी हवी. मामाने दोन प्लेट खाल्ल्या आणि रात्री इनो मागितलं.

दिवस तिसरा, बुधवार

सकाळी पुन्हा मरीना. या वेळी फाटक उघडं. हे चौथं घर, १९७७ पासूनचं. तांबडे-पांढरे पट्टे, अकरा मजले, आणि आडव्या छेदात त्रिकोणी. पट्टे शोभेचे नाहीत, दिवसा दिवा निरुपयोगी असतो तेव्हा मनोऱ्याच्या रंगावरूनच खलाशी त्याला ओळखतो. आणि लिफ्ट! आयुष्यभर दीपगृहाच्या पायऱ्यांच्या गप्पा ऐकल्या, आणि इथे बटण दाबून वर. शेवटचा टप्पा तेवढा अरुंद जिन्याचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तो सावकाश चढावा. मधली बरीच वर्षं सुरक्षेच्या कारणाने हे दीपगृह लोकांना बंद होतं, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडलं.

वर वारा असा, की मामाची टोपी गेलीच असती. दक्षिणेला सांथोम चर्चचा पांढरा मनोरा, उत्तरेला वाळूचा लांबच लांब पट्टा, त्याच्या टोकाला बंदरातल्या क्रेन आणि नांगरून उभी असलेली जहाजं. हायकोर्टाचा घुमट इमारतींच्या गर्दीत शोधावा लागला. मामाने तिकिटाच्या मागे पेनाने गणित केलं. उंची फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, त्याला १.१७ ने गुणा, म्हणजे क्षितिजापर्यंतचं अंतर सागरी मैलांत. हायकोर्टाच्या १७५ फुटांचं वर्गमूळ सव्वातेरा, म्हणजे दिवा साधारण साडेपंधरा सागरी मैलांवर क्षितिजाला टेकणार. जहाजाच्या पुलावर डोळा ६५ फुटांवर, त्याचे साडेनऊ. बेरीज पंचवीस. "बघ, वर्गमूळ आहे. दुप्पट लांब दाखवायचं तर मनोरा चौपट उंच हवा. म्हणून शहाणा माणूस मनोरा वाढवत बसत नाही, टेकडी शोधतो. मद्रासला टेकडीच नाही, म्हणून कधी गच्ची, कधी खांब, कधी घुमट." चारही घरांचं कारण मला एका तिकिटावर मिळालं. ते तिकीट मी जपून ठेवलंय.

खालच्या दालनात जुने दिवे आणि भिंगं मांडली आहेत, वीस मिनिटं द्या. कंदिलाच्या काचा धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या बऱ्याच ठिकाणी तिरप्या का असतात, हे मला इथे कळलं. उभी पट्टी असेल तर तिच्या नेमक्या दिशेला असलेल्या जहाजाला वरपासून खालपर्यंत सावली मिळते. तिरपी असेल तर ती सावली वाटली जाते, कुणाच्याच वाट्याला पुरता अंधार येत नाही.

दुपारी मैलापूरला एका संगीतसभेच्या उपाहारगृहात जेवलो. मार्गळीत शहरभर मैफिली असतात आणि अर्धे लोक रागांसाठी, अर्धे जेवणासाठी जातात असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते स्वतः कुठल्या अर्ध्यातले, हे त्यांच्या पानावरच्या चौथ्या वड्याने सांगितलं. केळीचं पान, वत्तकुळंबू म्हणजे चिंचेची दाट आमटी, अक्कारवडिसल म्हणजे दूध-गुळातला गोड भात. मैफल ऐकायला वेळ नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

मग पूर्व किनारी रस्त्याने महाबलीपुरम. बस वारंवार सुटतात, आरक्षणाची गरज नाही. मोठी शिल्पं सगळ्यांनी पाहिलेली असतात, त्यांच्याबद्दल मी लिहीत नाही. आम्ही थेट टेकडीवर गेलो. महिषासुरमर्दिनी लेण्याच्या बरोब्बर डोक्यावर, खडकाच्या माथ्यावर, ओलक्कणेश्वराचं पल्लव काळातलं देऊळ आहे. आठव्या शतकातलं, शिखर गेलेलं. एकोणिसाव्या शतकात त्याच्या सपाट माथ्यावर दिवा ठेवायचे, म्हणून गावात त्याला जुनं दीपगृह म्हणतात. शेजारीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा गोल दगडी मनोरा आहे, तो अजून चालू आहे.

वर चढताना पाऊस आला. खडक निसरडा, पायऱ्या उथळ. चपलांऐवजी पकड असलेले बूट घाला, ही सूचना मी पडल्यानंतर लिहिते आहे. कोपर खरचटलं. एका गाईडने स्वतःची छत्री माझ्या हातात दिली आणि आम्ही तिघं देवळाच्या पडवीत शिरलो. त्याने नावाची गोष्ट सांगितली: उळक्कू म्हणजे तेलाचं लहान माप. घरोघरी रोज एक उळक्कू तेल गोळा करायचे आणि इथे दिवा लावायचे, त्यावरून देवाचं नाव पडलं. पल्लवांच्या वेळीही इथे जाळ पेटत असणार, असं तो छातीठोकपणे म्हणाला. मामाला पुरावा नको होता. त्याने टेकडी, समुद्र आणि देवळाची दिशा पाहिली आणि "मी असतो तरी इथेच लावला असता," म्हणून निकाल दिला.

पाऊस थांबल्यावर शेजारच्या मनोऱ्यावर चढलो. गोल जिना, दमट दगड, शेवटी इतकं बुटकं दार की मामाला दुमडून बाहेर काढावं लागलं. वरून खाली पाहिलं तर देवळाचा ओला, शेंडा उडालेला माथा अगदी पायाखाली. त्याच्यावर दोन बकऱ्या उभ्या होत्या. कशा चढल्या, देव जाणे.

दिवस चौथा, गुरुवार

पुदुच्चेरीला सकाळी अकराला पोचलो. समुद्रावरचा रस्ता संध्याकाळपासून सकाळपर्यंत वाहनांना बंद असतो, म्हणून राहायची जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. आम्ही घेतली नव्हती.

जुनं दीपगृह गांधीजींच्या पुतळ्याच्या जवळच, रस्त्याच्या गावाकडच्या बाजूला आहे. १८३६ चं. मद्रासच्या खांबाला आठ वर्षांनी वडील. इंग्रजांचा खांब गर्विष्ठ, फ्रेंचांचं हे दीपगृह घरगुती: बसकं चौथऱ्यासारखं घर आणि त्यातून वर निघालेला गोल मनोरा, माथ्यावर काचेचा कंदील. नवं उंच दीपगृह झाल्यावर १९७९ मध्ये हे विझलं. आम्ही गेलो तेव्हा फाटक बंद होतं. सावलीत शहाळी विकणाऱ्या बाईंनी मामाला स्टूल दिलं, आणि त्या स्टुलावर बसून त्याने दीपगृहाचं अर्धा तास निरीक्षण केलं, दोन शहाळी संपवली.

मला एक कोडं होतं. पूर्वी मनोरे आतून पोकळ आणि मधला भाग रिकामा का ठेवत? जिना भिंतीला चिकटून, मध्ये विहिरीसारखी पोकळी. मामा म्हणाला, ती वजनाची जागा. वीज नव्हती तेव्हा फिरतं भिंग भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखं चालायचं. दोरीला जड वजन, ते पोकळीतून हळूहळू खाली यायचं आणि दातेरी चक्रांतून भिंग फिरवायचं. खाली पोचलं की रखवालदाराने हाताने पुन्हा वर गुंडाळायचं, रात्रभर, दर काही तासांनी. चावी द्यायला उशीर झाला तर दिव्याचा ताल चुकणार, आणि ताल हीच दिव्याची ओळख. किती सेकंदांनी किती चमका, हे यादीत छापलेलं असतं. ताल चुकला की खलाशाला वाटतं आपण भलत्याच गावाला आलो.

"तुला कधी वाटलं तसं?" मी विचारलं.

"एकदा. दिव्याचा ताल बरोबर होता, माझी झोप झाली नव्हती. कॅप्टनने काय सुनावलं ते तुला सांगण्यासारखं नाही."

संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. रस्ता बंद झाला आणि अख्खं गाव चालायला बाहेर पडलं. पोरं, आजोबा, सायकली, सेल्फी, कुल्फी. समुद्रात पूर्वीच्या जेटीचे लोखंडी खुंट दिसतात, १९५२ च्या वादळात ती गेली. इथेही मद्राससारखंच, जहाजं लांब उभी आणि होड्यांची ये-जा. दगडांवर एक कोळी जाळं आवरत बसला होता. मामाने खुणेने विचारलं, रात्री कशावरून येतोस? त्याने खिशातून मोबाइल काढून दाखवला. मग जरा थांबून, दक्षिणेकडे नव्या दीपगृहाच्या दिव्याकडे बोट केलं आणि मोबाइलची बॅटरी संपल्याची खूण केली. मामा एकदम खूश. त्याला स्वतःची कॉफी दिली.

काळोख झाल्यावर क्षितिजावर एक बारीकसा दिवा लागला, मासेमारीच्या होडीचा असावा. मामा कठड्यापाशी उभा होता. त्याने डोळे बारीक केले, माझ्या हातात टोपी दिली आणि भर गर्दीत गुडघे वाकवून खाली बसला.

"गेला," तो म्हणाला. "ये, तू पण बस."

मी बसले. खरंच गेला. नुसती काळी रेघ. उभी राहिले, आला. शेजारी कुल्फी खाणारी एक मुलगी आमच्याकडे टक लावून पाहत होती, तीही बसली, उठली, आणि तिच्या आईला ओढत घेऊन आली. आईला काय समजलं कोण जाणे, तीही साडी सावरत बसली.

"मामा, ऊठ आता, लोक बघतायत."

"मी कधीचा उठायला बघतोय," मामा खालून म्हणाला. "गुडघा अडकलाय. हात दे."